सायकलवरची पाण्याची बाटली

फेब्रुवारीतली गोष्ट. आमची लेक नववीत आहे, सायकलने शाळेत जाते. रोज सकाळी तिची बाटली दादी भरतात. एका संध्याकाळी दादींनी दप्तरातून बाटली काढली, हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, "ये पानी तो सुबह का है." झाकण उघडलं तर खरंच, काठोकाठ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लेकीचं डोकं दुखत होतं आणि बाटलीत चार बोटं पाणी कमी झालं होतं.

आम्ही विचारलं. आधी "तहान लागत नाही" असं उत्तर आलं. मग हळूहळू खरं कारण बाहेर पडलं. बाटली दप्तराच्या तळाशी, वर डबा, त्यावर वह्या. पाणी प्यायचं तर सायकल थांबवा, स्टँडवर लावा, दप्तर पाठीवरून उतरवा, चेन उघडा, सगळं रस्त्यावर काढा. "आणि थांबलं की येणारे-जाणारे बघत राहतात." म्हणून ती थांबत नाही. मग शाळेत का पीत नाहीस, यावर ती आमच्याशी काही बोलली नाही. ते तिने आपल्या खालाला सांगितलं. शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, आणि पाणीही दिवसाआड असतं. म्हणून तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शाळेचं नाव इथे घेत नाही.

म्हणजे प्रश्न दोन होते. दुसरा मोठा, त्याकडे शेवटी येऊ. पहिला आपल्या हातातला होता: बाटली दप्तरातून बाहेर, हाताशी आली पाहिजे. त्यासाठी सायकलला बॉटल होल्डर लावायचा, एवढंच. हे काम पाच मिनिटांचं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन महिने गेले, एक बाटली ट्रकखाली गेली, आणि आम्हाला सायकलच्या या क्षुल्लक भागाबद्दल बरंच काही शिकावं लागलं. आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. नवतपा तर पुढची गोष्ट, मार्चमध्येच सकाळची शाळा सुटते तेव्हा डोक्यावर ऊन तापलेलं असतं. अशा वेळी रिकाम्या पोटाने आणि कोरड्या घशाने चार-पाच किलोमीटर सायकल मारणं म्हणजे चक्कर, डोकेदुखी, आणि मुलींच्या बाबतीत लघवीच्या जळजळीचं निमंत्रण. म्हणून हा विषय या सदरात घेतला.

पहिली चूक आम्ही घाईत केली. बाजारातल्या एका दुकानात हँडलला लावायचा प्लास्टिकचा होल्डर मिळाला. रंग छान, गुलाबी. खाली एक पट्टा, तो हँडलभोवती गुंडाळायचा आणि चिकटवायचा. शे-सव्वाशे रुपये. लेक खूश. बाटली त्यात उभी राहिली, घरासमोरच्या गल्लीत चक्कर मारून झाली, बाटली जागची हलली नाही. आम्ही समाधानाने दुकानदाराला दुवा दिली.

मार्चच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी सायकलने आंबागडला जायचं ठरलं. आम्ही, मुलगा, लेक आणि तुमसरला राहणारा भाचा. तुमसरपासून आंबागड बारा-तेरा किलोमीटर. गावाच्या मागे सातपुड्याच्या रांगेतला डोंगर आणि त्यावर किल्ला. मुलांना इतिहासाच्या पुस्तकात शिवनेरी-रायगड भेटतात, पण आपल्याच तालुक्यातला किल्ला बघायचा राहून जातो. हा किल्ला 1700 च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधला असं सांगितलं जातं. तो देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंद शाहचा सुभेदार. बख्त बुलंद औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला होता, आणि 1702 मध्ये नागपूर शहर वसवणारा तोच. गोंड राजा, पठाण सुभेदार, पुढे नागपूरकर भोसले, असे या एका डोंगरावरून गेलेले लोक. मुलांना हे चालत्या सायकलवरून सांगत होतो, म्हणजे खरं तर ओरडून सांगत होतो, कारण वारा समोरून होता.

तुमसर तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. त्यामुळे इकडच्या रस्त्यांवर जड ट्रक असतात आणि रस्त्याच्या कडा उखडलेल्या. अशाच एका उखडलेल्या कडेवरून लेकीची सायकल गेली. चाक खड्ड्यात आपटलं, हँडलला झटका बसला, गुलाबी होल्डर पट्ट्यासकट खाली फिरला आणि बाटली बाहेर. तिने अर्धवट मागे वळून पाहिलं आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबले. मागून भाचा येत होता, त्याने कशीबशी सायकल मातीत उतरवली. बाटली घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेली. तेवढ्यात एक ट्रक आला आणि ती चपटी होऊन गेली. फटाक्यासारखा आवाज झाला. अल्लाहचं शुक्र, मुलं कडेला होती. पण लेक बाटली उचलायला धावली असती तर? बाटली तिच्याच चाकाखाली आली असती तर? त्या क्षणी आमच्या डोक्यातला सगळा हिशेब उलटला. तोवर वाटत होतं की होल्डर खराब निघाला तर फार तर बाटली जाईल.

पुढे गेलो. चार माणसं, तीन बाटल्या. मुलाच्या गिअरच्या सायकलवरची एक, आमच्या कॅरिअरवरच्या पिशवीतली एक, आणि भाच्याच्या पाठीवरची. किल्ल्यावर चढताना ऊन चांगलंच लागलं. वर पोचल्यावर मुलांना त्या किल्ल्याची दुसरी कथा सांगितली. भोसल्यांच्या काळात इथे तुरुंग होता. आणि असं सांगतात की इथे पाठवलेल्या कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावून मारत. जुन्या सरकारी गॅझेटिअरमध्येही ही आख्यायिका आहे. आम्ही सांगितलं खरं, पण सांगून झाल्यावर चौघेही आपापल्या बाटलीकडे बघायला लागलो. कोणाची किती उरली, ते.

खाली उतरताना एक बकऱ्या चारणारे बाबा भेटले. भाच्याला म्हणाले, "पाणी आहे का रे बापू?" भाच्याने बाटली दिली. ती चोखून प्यायची, तोंडाला नळी असलेली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. आपल्याकडे गावात माणूस दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावत नाही, वरून धार सोडून पितो. त्या नळीतून वरून धार पडेना. थेंब थेंब. शेवटी मुलाच्या रुंद तोंडाच्या बाटलीचं झाकण काढून त्यात ओतून दिलं, आणि बाबा तिथेच एका दगडावर बसून निवांत प्याले. सअद बिन उबादा रजि. यांनी आपल्या वारलेल्या आईच्या नावे कोणता सदका सर्वांत चांगला असं विचारलं, तेव्हा प्यारे नबी सल्ल. यांनी पाणी सांगितलं, ही रिवायत लेकीला मदरशात शिकवलेली होती. तिने भाच्याला हळूच ऐकवलंही, "देखा, तेरी बोतल सदके के काम की भी नहीं." भाचा दिवसभर रुसला.

जोहरची वेळ झाली होती. मुलाने विचारलं, पाणी पिण्यापुरतंच उरलंय, तयम्मुम चालेल का? प्रश्न रास्त होता. पाणी फक्त तहानेपुरतं असेल आणि दुसरं जवळपास मिळत नसेल तर तयम्मुमची सवलत आहे. पण पायथ्याला गाव, गावात हातपंप. पंधरा मिनिटांवर पाणी असताना ही सवलत आपली नव्हे. खाली आलो, वुजू केला, झाडाखाली नमाज पढली, बाटल्या भरल्या आणि ऊन कलल्यावर परत निघालो.

घरी येऊन नीट विचार केला. बॉटल होल्डर ही मुळात शर्यतीतल्या खेळाडूंची गरज. त्यांना चालत्या सायकलवर, खाली न बघता, एका हाताने बाटली ओढून काढायची आणि पिऊन परत खुपसायची असते. पूर्वी ते बाटल्या हँडलवर लावत, पुढे त्या खाली फ्रेमवर आल्या, कारण हँडलवरचं वजन सायकल डगमगवतं. दुकानात मिळणारे बहुतेक होल्डर त्यांच्याच हिशेबाने केलेले: बाटली पटकन सुटली पाहिजे. आपल्याला तसं प्यायचंच नाही. बसून प्यावं, बिस्मिल्लाह म्हणून, उजव्या हाताने, तीन श्वासांत, भांड्यात श्वास न सोडता, ही सुन्नत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. मशकीच्या तोंडाला थेट तोंड लावून पिण्याचीही मनाई हदीसमध्ये आली आहे. तसं प्याल्याच्या रिवायती आहेत म्हणून उलमा तिला हराम म्हणत नाहीत, पण अदब कशात आहे ते कळतं. आता हेच रस्त्याच्या नजरेने बघा. खडीच्या रस्त्यावर, मागे ट्रक, एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातात बाटली, हे पंधरा वर्षांच्या मुलांनी करायचं काम नाही. थांबायचं, पाय टेकायचे, सावली बघून बसायचं, मग प्यायचं.

एकदा हे पक्कं झालं की निवड सोपी होते. पटकन सुटणारा होल्डर नको, घट्ट धरणारा हवा. बाटली काढायला दोन हात लागले तरी चालतील. बाटली दप्तराबाहेर असावी, म्हणजे थांबलं की लगेच मिळेल, एवढीच सोय पुरे.

घट्ट धरण्याचं पहिलं गमक मापात आहे, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. सायकलच्या होल्डरचं ठरलेलं माप असतं. तो सुमारे 73-74 मिलिमीटर जाडीच्या बाटलीसाठी केलेला असतो. आपल्या घरातल्या बाटल्या कुठल्याही मापाच्या: कोणती स्टीलची बारीक, कोणती थर्मासची जाड, कोणती दुकानातली पाण्याची लिटरची. बारीक बाटली खडखडून उडते, जाड बाटली आत जात नाही किंवा होल्डर फाकवते. जाडी मोजायला पट्टी नीट लागत नाही, म्हणून शिवणाची टेप बाटलीभोवती गुंडाळा. घेर 23 सेंटिमीटरच्या जवळपास आला तर बाटली साध्या होल्डरला बसेल. 20-21 आला तर सैल पडणार. त्यावर उपाय पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतो. जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंद गोल तुकडे कापून बाटलीवर चढवायचे, एक वर, एक खाली. रबर पकडही धरतं आणि खडखडही थांबवतं. घेर 25-26 असेल तर बाटली घरी ठेवा, किंवा स्क्रूने सैल-घट्ट होणारा होल्डर घ्या. मात्र त्याचा स्क्रू दर आठवड्याला बघावा लागतो. दुकानात जाताना बाटली सोबत न्या. त्यात पाणी भरून न्या. रिकामी बाटली कोणत्याही होल्डरमध्ये छान बसते. भरल्यावर तीच पाऊण-एक किलोची होते. होल्डरमध्ये ठेवून उलटी करा, दोन हिसके द्या. पडली तर पडली, दुकानातच पडली.

धातूबद्दल फार डोकं चालवायची गरज नाही. ॲल्युमिनियमचा होल्डर हलका, गंजत नाही, सैल पडला तर हाताने जरा दाबून घेता येतो, पण पुन्हापुन्हा वाकवला की एक दिवस तुटतो. बाटलीला काळपट डाग पाडतो, ते पुसले जातात. स्टेनलेस स्टीलच्या सळीचा मिळाला तर उत्तम, तो वर्षानुवर्षं धरून ठेवतो. साधं लोखंड रंग उडाला की गंजतं. प्लास्टिकचेही चांगले असतात, पण आपल्या उन्हात दोन उन्हाळे निघाले की ते ठिसूळ होतात आणि नेमके भरल्या बाटलीसकट तुटतात. कार्बनचा म्हणून मोठ्या किमतीचा मिळतो. तो शर्यतवाल्यांना लखलाभ.

आता बसवायचा कुठे. आमच्या घरात तीन सायकली, आणि तिघींचं उत्तर वेगळं निघालं.

मुलाच्या गिअरच्या सायकलचं सोपं. तिच्या तिरक्या नळीवर दोन स्क्रू आधीच लावलेले असतात. ते कशासाठी आहेत हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं. ते याचसाठी. त्या दोन भोकांमधलं अंतर 64 मिलिमीटर, जगभर तेच, म्हणून कोणत्याही कंपनीचा होल्डर बसतो. स्क्रू काढा, होल्डर ठेवा, एल-पान्याने स्क्रू परत पिळा. स्क्रूला ग्रीसचं बोट लावा, म्हणजे पावसाळ्यात जाम होणार नाही. आणि ताकद लावू नका. आतली आटी पातळ नळीत नुसती दाबून बसवलेली असते, जास्त पिळली की ती जागच्या जागी गरगर फिरायला लागते, मग स्क्रू ना घट्ट होतो ना निघतो. फ्रेम लहान असेल आणि बाटली वरच्या दांडीला अडत असेल तर बाजूने बाटली घालायचा होल्डर मिळतो, तो घ्या.

दुसरी सायकल दादांची, काळी, रॉड ब्रेकची. दादा तिच्यावर खाणीत हजेरीला जायचे. दादी सांगतात, तेव्हा बाटली कुठली, हँडलला छागल लटकलेली असायची. कॅनव्हासच्या त्या पिशवीतून पाणी झिरपायचं, वारा लागायचा आणि पाणी गार व्हायचं. "तेरे फ्रिज से ठंडा," असं दादींचं मत. या सायकलला स्क्रूची भोकं नसतात. तिला क्लॅम्पचा होल्डर लागतो, म्हणजे नळीभोवती दोन पट्ट्या आवळायच्या. पट्टीखाली ट्यूबचं रबर घाला, नाहीतर रंग खरवडला जातो, पट्टी घसरते आणि तिथूनच गंज सुरू होतो. पण मुख्य काळजी वेगळी. मागच्या ब्रेकचा रॉड तिरक्या नळीला लागून खाली जातो. क्लॅम्प त्याच्यावर आवळला गेला तर ब्रेक अर्धाच लागतो किंवा लागतच नाही. म्हणून या सायकलवर आम्ही होल्डर सीटखालच्या उभ्या नळीवर, पुढच्या अंगाला लावला. लावल्यावर ब्रेक दहा वेळा दाबून पाहिला, पायडल पूर्ण फिरवून पाहिलं, मांडी घासते का ते बघितलं.

तिसरी लेकीची. आपल्याकडे शाळकरी मुलींकडे बहुतेक हीच असते, लेडीज सायकल, पुढे जाळीची बास्केट. मागास तालुक्यांत शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, त्याही साधारण अशाच. या सायकलीला वरची दांडी नसते. मधली जागा पाय टाकून चढण्यासाठी मोकळी सोडलेली असते. तिथेच तिरक्या नळीवर होल्डर लावला की चढता-उतरताना पाय अडतो, आणि मुलगी सलवार-कुर्त्यात किंवा बुरख्यात असेल तर कापड होल्डरच्या टोकात अडकतं. उतरताना कापड अडकलं की सायकल अंगावर येते. सीटखाली लावला तरी कुर्ता घासतोच. हँडलचा अनुभव आंबागडच्या रस्त्यावर आलेला. मग? सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी एक तोडगा सुचवला: "फ्रेमला भोक पाडतो ना भाऊ, दोन मिनिटांचं काम." हे मात्र कोणी म्हणालं तरी करू देऊ नका. नळीची भिंत पातळ असते. भोक पाडलं की तिथे ती कमजोर होते, आत पाणी जातं, आतून गंज चढतो, आणि तो दिसत नाही. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. आम्ही नको म्हटल्यावर त्यांनीच दुसरी युक्ती काढली.

होल्डर बास्केटच्या आत बसवला. मागच्या कोपऱ्यात, हँडलच्या जवळ, उभा. होल्डरच्या दोन भोकांतून दोन लांब स्क्रू जाळीबाहेर काढले, बाहेरून लोखंडी पत्तीचा तुकडा लावून त्यावर नट आवळले, मध्ये रबर. आता बाटली होल्डरमध्ये घट्ट, आणि एखाद्या दणक्याने सुटलीच तर बास्केटमध्ये पडेल, रस्त्यावर नाही. आम्हाला हवं होतं ते हेच. बास्केटचे खालचे आधार मात्र आधी हलवून पाहिले. त्यातला एक सैल निघाला, तो बदलला. बाटली पाऊण लिटरची ठेवली. पुढच्या चाकावर त्याहून जास्त वजन नको. लेकीने पहिल्याच दिवशी ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधली आणि मागच्या चाकाचं साडीगार्डही बसवून मागितलं. तो मुद्दा आमच्या डोक्यात नव्हता, तिच्या होता.

पाऊण लिटरबद्दल एक गंमत. हदीसमध्ये येतं की नबी सल्ल. एका मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे धान्य-पाणी मोजायचं जुनं माप. त्याच्या हिशेबात फिक्हच्या मतांप्रमाणे फरक आहे, पण तो पाऊण लिटरच्या आसपास ते हनफी हिशेबाने लिटरभर असा येतो. म्हणजे सायकलवरची बाटली एका वुजूची. घरात नळ सोडून आपण किती पाणी घालवतो ते मुलाने बादली लावून मोजलं. आकडा इथे लिहायला लाज वाटते. आता शुक्रवारी तो मुद्दाम बाटलीतून वुजू करून बघतो. सुरुवातीला डाव्या पायापर्यंत पाणी पुरत नव्हतं, आता पुरतं.

बाटली रुंद तोंडाची, झाकणाचा पेला होणारी घेतली. आंबागडच्या बाबांमुळे. शिवाय ती आतून हात घालून धुता येते. नळीवाल्या बाटलीची नळी आतून बुळबुळीत होते आणि ते कळतही नाही. दुकानातली पाण्याची प्लास्टिक बाटली आठवडेच्या आठवडे उन्हात वापरणं आम्ही बंद केलं. स्टील घेतलं तर एकेरी पत्र्याचं उन्हात तापतं, थर्मासचं जड पडतं आणि होल्डरमध्ये बहुधा बसत नाही. एकेरीवर जुन्या सुती कापडाची ओली पिशवी चढवली की छागलीचंच तत्त्व लागू होतं. दादींनी जुन्या दुपट्ट्याची शिवून दिली. कापड चढवल्यावर घेरही वाढतो, होल्डर निवडताना ते धरून मोजा.

या सगळ्या खटाटोपावर एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "पोरीला सायकल कशाला इतकी सजवून देता, दोन वर्षांत घरात बसवायचीच ना?" आम्ही काही बोलायच्या आत दादी म्हणाल्या, "बारावी तक तो जाएगी. आगे की आगे देखेंगे." पूर्वी दादींचंही मत असंच डळमळीत होतं. ते कधी बदललं हे आम्हाला कळलं नाही. भरलेली बाटली परत आली त्या दिवसापासून असावं.

होल्डर लावून पंधरा दिवस झाले. स्क्रू एकदा सैल झाले होते, परत आवळले. एल-पाना आणि छोटा पाना बास्केटच्या कप्प्यात ठेवलाय. बाटली आता अर्धी, कधी पाव येते. जाताना वाटेतल्या वडाखाली थांबून पिते म्हणते, आणि तिच्याबरोबर आणखी दोघी थांबतात. तिघी थांबल्या की कोणी बघत नाही, हा तिचा शोध.

मात्र ती जे पिते ते जाता-येताना. शाळेच्या सहा तासांत अजूनही नाही. कडीचा प्रश्न तसाच आहे. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, त्यावर "निधी आला की बघू" एवढं उत्तर मिळालं. कडी पन्नास-साठ रुपयांना मिळते. येत्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. आम्ही चार पालक जाणार आहोत, त्यात दोघी मुलींच्या आया आहेत. कडी, स्क्रू आणि पाना आम्ही सोबत नेणार आहोत. पाण्याच्या टाकीचं मात्र त्यांनाच करावं लागेल.